परतीच्या गाडीत हवा भरू नका

नागपुरात वाडीच्या गोदामातून सकाळी भरून निघालेली गाडी सीताबर्डी, धरमपेठ, मानेवाडा करत दुपारी रिकामी परतते. डिझेल तर जळणारच. मग दुकानातले खोके, प्लॅस्टिक, क्रेट त्याच गाडीत आणावेत, इतकं हे साधं. तरी बिघडतं, आणि बहुतेक वेळा दुकानाच्या मागच्या दारातच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे खोके न मोडता भरणं. 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरचा खोका टेप कापून सपाट केला की जेमतेम दहावा हिस्सा जागा घेतो. उभेच कोंबले तर तिसऱ्या दुकानावर गाडी भरते आणि चौथ्यावर ड्रायव्हर म्हणतो, "भाऊ, काऊन ठेवलं हे एवढं? जागा कुठं आहे?" माणूस नाही, ही सबब नेहमीची. माल रॅकवर लावतानाच खोका मोडला तर वेगळा माणूस लागत नाही. रात्री ढीग घेऊन बसलात तर लागतो.

जूनमध्ये पाऊस लागला की पुठ्ठा आडोशाला, फळीवर ठेवा. भिजलेल्या पुठ्ठ्याचं वजन कबाडी कापतोच, आणि त्याचं कापणं पाण्याहून जास्त असतं.

स्ट्रेच फिल्मच्या, म्हणजे मालाभोवती गुंडाळलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पोत्यात बिस्किटांची चकचकीत वेष्टनं टाकू नका. फिल्म विकली जाते. वेष्टनात थरावर थर असल्यानं ते कोणी घेत नाही, उलट अख्ख्या पोत्याचा भाव पडतो.

कागदांतही गल्लत होते. आपलेच क्रेट दुकानातून आपल्याच गोदामात येतात तेव्हा ती विक्री नव्हे. डिलिव्हरी चलान, म्हणजे मालासोबत जाणारा नोंदीचा कागद, पुरतं. गोदामातून पुठ्ठा कबाड्याला दिला की मात्र विक्री झाली, तिथं जीएसटीचं बिल हवं. दोन्ही एकाच कागदावर चढवले की महिनाअखेरीस हिशेबनीस डोकं धरून बसतो.

आता क्रेट. एका महिन्यात आमचे बरेच क्रेट कमी भरले. आम्ही दुकानवाल्यांवर चिडलो, ते ड्रायव्हरवर. तेव्हापासून जाताना चलानावर आकडा आणि परतताना त्याच चलानाच्या मागे आकडा, दोघांच्या सह्यांसह. पहिल्याच आठवड्यात कोणत्या दुकानात घट येते ते कळलं. त्या दुकानाशेजारचा भाजीवाला आमच्या क्रेटवर बसून वांगी विकत होता, आणखी चारांवर त्याचा माल मांडलेला.