सामानासह पायवाटांवर फिरण्यासाठी माउंटन बाइक निवडताना
मुक्कामाचे सामान घेऊन दूरवर जायचे असेल आणि वाटेत दगडधोंड्यांच्या अरुंद पायवाटाही उतरायच्या असतील, तर माझ्या मते फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल ही पहिली पसंती असावी. तिच्या फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या भागाला) १०० ते १३० मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे दाबले जाण्याचे अंतर, पुरतो. मागेही सस्पेन्शन असलेली सायकल खडबडीत उतारावर अधिक स्थिर वाटते हे खरे; परंतु तिचा शॉक (मागचे धक्के शोषणारा भाग) बहुधा फ्रेमच्या त्रिकोणातली जागा अडवतो, आणि पाणी, अवजारे, तंबूचे खांब अशा जड वस्तूंसाठी तीच जागा सर्वांत चांगली असते, कारण वजन खाली आणि मध्यभागी राहिले की वळणावर सायकल डोलत नाही.

सीटमागची बॅग आणि मागचे चाक यांतील अंतर सायकल विकत घेण्यापूर्वीच तपासावे. ड्रॉपर पोस्ट (चालवतानाच सीट वरखाली करता येणारा दांडा) असल्यास सीट पूर्ण खाली करून, आणि मागे सस्पेन्शन असल्यास तेही दाबून पाहावे. लहान फ्रेमला २९ इंची चाके असली की बॅगेचा तळ टायरला घासू शकतो आणि एखाद्या लांब उतारातच कापड झिजून फाटू शकते.

सुमारे २.४ इंच रुंदीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर घ्यावेत. पुढे ३० दात्यांची चकती आणि मागे ५१ दात्यांपर्यंतची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) असल्यास ओझ्यासह तीव्र चढही बसूनच चढता येतात. फोर्कमधील हवेचा दाब मात्र सामान लादून, सायकलवर बसूनच ठरवावा.