जुन्या डेबियनचा नेमका क्षण शोधायला बसण्याआधी

डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारा, बंद पडलेला सर्व्हर होता तस्साच पुन्हा उभा करायचा असेल, तर स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्ग (डेबियनची पॅकेजं जुन्या क्षणांना जशी होती तशी जपणारा संग्रह) उघडायच्या आधी पॅकेजांची पूर्ण यादी हाताशी ठेवा, आवृत्त्यांसकट. आवृत्तीच्या शेवटी ‘+बी१’ असेल तर ते कापू नका. सोर्स, म्हणजे मूळ कोड, तोच असला तरी ती त्याच्यापासून पुन्हा केलेली बांधणी (बिल्ड) आहे आणि फाइल वेगळी आहे. बिल्डइन्फो फाइल (पॅकेज कसं बांधलं त्याची नोंद) सापडली तर सोन्याहून पिवळं, कारण बांधणीच्या वेळी मशीनवर असलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या तिच्यात असतात.

मग घड्याळ. संग्रहातला प्रत्येक शिक्का, म्हणजे क्षणाची तारीख-वेळ, यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतो: आठ आकडे तारखेचे, मग टी, सहा आकडे वेळेचे, शेवटी झेड. आपण साडेपाच तास पुढे. गेल्या मे महिन्यात नागपुरात धंतोलीतल्या एका ऑफिसचा सर्व्हर बंद पडला, तेव्हा डीपीकेजीच्या (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामच्या) लॉगमध्ये १५ तारखेचे रात्रीचे दोन दिसले आणि आम्ही तीच वेळ शिक्क्यात भरली. खरी वेळ होती १४ तारखेची २०:३०. दोन रात्री त्यात गेल्या. झिरो माईलचा दगड सोडून अंतर मोजावं, तसं झालं. शिवाय लॉग सांगतो ते पॅकेज कधी बसवलं. संग्रहात ते कधी आलं, हे नाही.

खरं काम इथून पुढे. एका पॅकेजवरून क्षण ठरत नाही. समजा, एक आवृत्ती सोमवारी सकाळी आली आणि गुरुवारी दुपारी तिच्या जागी नवी आली. दुसरी मंगळवारी रात्री आली. तर तुमचा क्षण मंगळवार रात्र ते गुरुवार दुपार, यातच कुठेतरी. अशी प्रत्येक पॅकेजची मुदत कागदावर आखा आणि सगळ्यांत सामाईक तुकडा उरतो का बघा. संग्रहातल्या ‘फर्स्ट सीन’ या नोंदीवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. फाइल संग्रहात पहिल्यांदा दिसली ती ही वेळ. सिडमध्ये (डेबियनच्या सगळ्यात ताज्या शाखेत) आलेलं पॅकेज टेस्टिंग या पुढच्या शाखेत उतरायला पुढे काही दिवस लागतात. त्या क्षणाची पॅकेजेस फाइल (शाखेतल्या पॅकेजांची यादी) उघडून खात्री कराच.

सिक्युरिटीच्या, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्यांच्या, पॅकेजांचा संग्रह वेगळा, त्याचे शिक्केही वेगळे. ते स्वतंत्र शोधा.

अंदाजे वेळ भरली तरी संग्रह त्याआधीचा सर्वांत जवळचा शिक्का देतो, म्हणून आपण भरलेला नाही तर प्रत्यक्ष मिळालेला शिक्का टिपून घ्या. रिकाम्या क्रूटमध्ये (मशीनमधल्याच वेगळ्या, बंदिस्त डेबियनमध्ये) तो लावून एपीटी अपडेट (पॅकेजांच्या याद्या ताज्या करणारी आज्ञा) चालवा. जुन्या रिलीज फाइलची (संग्रहाच्या सही केलेल्या सूचीची) मुदत संपलेली असू शकते, त्यामुळे मुदतीची तपासणी बंद करावी लागेल. सहीची तपासणी मात्र कुणी कितीही घाई केली तरी बंद करायची नाही. सगळ्या आवृत्त्या जुळल्या की डेब फायली (पॅकेजांच्या फायली) उतरवून त्यांच्या शा-२५६ बेरजांसकट (फाइल बदलली नाही हे पडताळायच्या आकड्यांसकट) आपल्याच डिस्कवर ठेवा, शेजारी तो शिक्का लिहून.