लॅपटॉपची स्क्रीन लहान की मोठी? कोकणात खरेदी करताना या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा बाजारपेठांत लॅपटॉपची चौकशी वाढते, आणि पैशांची जुळवाजुळव झाल्यावर घरातला वाद बहुधा एकाच मुद्द्यावर येऊन अडतो: १४ इंची घ्यायचा की १५.६ इंची. या मुद्द्यावर वाद घालणे योग्यच आहे. काही यंत्रांत मेमरी पुढे वाढवता येते, साठवणुकीची जागाही वाढवता येते, पण स्क्रीनचा आकार यंत्र असेपर्यंत तोच राहतो. मात्र इंचांचा आकडा एकटा फार थोडे सांगतो. यंत्र कुठे उघडले जाणार, त्यावर काय वाचले जाणार आणि वाचणाऱ्याचे डोळे स्क्रीनपासून किती लांब असणार, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता केलेल्या खरेदीतूनच पुढच्या बहुतेक तक्रारी निघतात.

इंच पाहून उंची गृहीत धरणे

स्क्रीनचे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे तिरके घेतले जाते. त्यामुळे एकाच इंचाच्या दोन स्क्रीन एकमेकींपेक्षा बऱ्याच वेगळ्या असू शकतात, आणि हा फरक त्यांच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणातून येतो. जुन्या पद्धतीचे प्रमाण १६:९ आहे, तर अलीकडच्या अनेक यंत्रांत १६:१० प्रमाण दिलेले असते. १६:९ प्रमाणाची १५.६ इंची स्क्रीन साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच असते. त्याच प्रमाणाची १४ इंची स्क्रीन ३१ सेंटिमीटर रुंद आणि १७.४ सेंटिमीटर उंच भरते. परंतु १४ इंची स्क्रीन १६:१० प्रमाणाची असेल, तर तिची उंची १८.८ सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे १५.६ इंची स्क्रीनपेक्षा ती जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटरने कमी पडते. पत्रे, अहवाल, हिशेबाचे तक्ते, अर्ज हे सगळे वरून खाली वाचायचे असते, त्यामुळे या कामांत रुंदीपेक्षा उंचीचा उपयोग जास्त होतो. दुकानात दोन यंत्रे शेजारी ठेवून खिशातल्या टेपने उंची मोजण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. १६ इंची, १६:१० प्रमाणाची स्क्रीन रुंदीला १५.६ इंचीइतकीच असते; तिची वाढ उंचीत झालेली असते. केवळ आकडा मोठा दिसतो म्हणून ती न पाहताच बाजूला ठेवू नये.

मोठ्या स्क्रीनवर जास्त मजकूर मावतो असे समजणे

सर्वात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. किती मजकूर मावणार हे स्क्रीनचे रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, आणि विंडोजमधले स्केल, म्हणजे अक्षरे किती टक्के मोठी करून दाखवायची ते, ही दोन मिळून ठरवतात. १५.६ आणि १४ इंची या दोन्ही स्क्रीन १९२० बाय १०८० च्या असतील आणि दोन्हींचे स्केल सारखेच असेल, तर दोन्हींवर एक्सेलच्या नेमक्या तेवढ्याच ओळी दिसतील. मोठ्या स्क्रीनवर त्या फक्त मोठ्या दिसतील. क्षेत्रफळात १५.६ इंची स्क्रीन १४ इंचीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी मोठी असते हे खरे, पण त्या जादा जागेत अक्षरे फुगतात, मजकूर वाढत नाही.

आता यातली खरी गोम पाहा. नव्या १४ इंची यंत्रात स्केल अनेकदा १५० टक्के ठेवलेले असते. ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळींना दीडने भागले की कामाला ७२० ओळी उरतात. घरी आणल्यावर स्क्रीन कोंदट वाटते, पानाचा अर्धा भाग वरच्या पट्ट्यांनीच भरून जातो, आणि ‘मोठा घ्यायला हवा होता’ अशी हळहळ सुरू होते. स्केल १२५ टक्के केले तर त्याच स्क्रीनवर ८६४ ओळी मिळतात. याउलट, जुन्या साठ्यातला किंवा वापरलेला १५.६ इंची लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा असेल, तर तो अंगाने मोठा असूनही पूर्ण १०० टक्के स्केलवर ७६८ ओळींच्या पुढे जाऊ शकत नाही. शिवाय त्याची अक्षरे कडेला खरबरीत दिसतात. स्वस्त मिळतो म्हणून असा लॅपटॉप आजच्या घडीला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९२० बाय १२०० ची १६:१० स्क्रीन १२५ टक्क्यांवर ९६० ओळी देते. ८६४ च्या तुलनेत हे नेहमीच्या मापाने एक्सेलच्या जवळजवळ पाच ओळी जास्त.

मराठी मजकूर उघडून न पाहणे

दुकानातल्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा झगझगीत रंगांचा व्हिडिओ चालू असतो, गिऱ्हाईक उभ्याने, दोन हात लांबून तो पाहते आणि स्क्रीन पसंत करते. व्हिडिओ पाहून वाचनाचा अंदाज येत नाही, आणि देवनागरी वाचनाचा तर मुळीच येत नाही. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार असतात. जोडाक्षरे त्याच मापाच्या जागेत दाटीने बसवलेली असतात. त्यामुळे इंग्रजी मजकूर सहज वाचता येतो त्या आकारात ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’, किंवा ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक पुसट होतो.

यासाठी घरून निघतानाच पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलमध्ये आपल्या सातबाऱ्याची पीडीएफ घेऊन जावी. कोकणातल्या सामाईक जमिनींच्या सातबाऱ्यावर खातेदारांच्या नावांची लांबच लांब यादी असते, क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर-आर-चौरस मीटरचे आकडे टिंबांनी तोडलेले असतात, आणि इतर हक्कांच्या रकान्यातल्या नोंदी बारीक अक्षरांत असतात. हे पान उघडून खुर्चीवर बसावे, स्क्रीन हातभर अंतरावर ठेवावी, नेहमीचा चष्मा लावावा आणि टिंबे व आडनावे न अडखळता वाचता येतात का ते पाहावे. पान रुंदीला पूर्ण बसवल्यावर १४ इंचावर ते वाचता आले, तर रोजच्या कामाला तो आकार पुरेल. वाचता येत नसेल आणि लॅपटॉप मुख्यतः घरातच राहणार असेल, तर १५.६ किंवा १६ इंची घेण्यात शहाणपण आहे. चाळिशी लागलेल्यांनी ही परीक्षा स्वतः द्यावी. वीस वर्षांच्या मुलाने ‘दिसतंय की’ म्हटल्याने आपल्या डोळ्यांचा प्रश्न सुटत नाही.

पाऊस आणि प्रवास विचारात न घेणे

१४ इंची लॅपटॉपचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो आणि १५.६ इंचीचे दीड ते दोन किलोच्या दरम्यान असते. गेमिंगचे मॉडेल सव्वादोन किलोच्याही पुढे जाते आणि त्याचा चार्जर स्वतःच जड असतो. दुकानात हातात धरून हा फरक किरकोळ वाटतो. पण वाडीवरून एसटीच्या थांब्यापर्यंतची चढण, भरलेल्या गाडीत उभ्याने प्रवास आणि पुन्हा कॉलेजपर्यंतची चाल हे रोजचे असेल, तर तो खांद्याला नक्की जाणवतो. जनशताब्दीसारख्या गाडीत पुढच्या आसनाला लावलेल्या लहानशा फळीवर १५.६ इंची यंत्राचे झाकण पुरेसे उघडत नाही, कारण पुढच्या प्रवाशाने पाठ मागे टाकली की झाकण त्याच्या आसनाला टेकते.

पावसाळ्यात सॅककडे बारकाईने पाहिले पाहिजे. ‘१५.६ इंचांपर्यंत’ असे लिहिलेल्या सॅकमध्ये मोठा लॅपटॉप बसतो खरा, पण बऱ्याचदा वरच्या दोन कोपऱ्यांशी चेन ताणली जाते, तिचे दात किंचित फाकतात आणि दुचाकीवरून जाताना पाणी नेमके तिथूनच आत उतरते. त्याच सॅकमध्ये १४ इंची लॅपटॉप ठेवला तर त्याला जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनही जागा उरते. जून ते सप्टेंबर रोज दुचाकीने किंवा एसटीने ये-जा करणाऱ्यांना मी लहान स्क्रीनच सुचवेन, आणि तीही १६:१० प्रमाणाची.

मोठ्या यंत्राची बॅटरीही मोठी असते, ही समजूत तपासून घ्यावी. बॅटरीची क्षमता वॉट-अवर या एककात दिलेली असते आणि बेताच्या किमतीच्या कित्येक १५.६ इंची यंत्रांत ती चाळीसच्या आसपासच असते. हलक्या कामात यंत्र सरासरी दहा वॉट वीज खात असेल, तर ५० वॉट-अवरची बॅटरी पाच तास टिकेल आणि ४० ची चार तास. मोठी स्क्रीन त्याच उजेडासाठी काहीशी जास्त वीज खाते, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक आणखी वाढतो. वादळी पावसात झाड पडून लाईट गेली की ती कधी येईल हे सांगता येत नाही; अशा गावांत राहणाऱ्यांनी इंचांच्या आधी बॅटरीचा हा आकडा विचारावा.

उजेड आणि नंबर पॅड

मोठ्या स्क्रीनवर प्रतिबिंबही मोठे पडते. पडवीत किंवा ओटीवर बसून काम करणाऱ्यांना २५० निट्सची (निट्स हे स्क्रीनच्या उजेडाचे एकक) स्क्रीन एप्रिलच्या दुपारी अपुरी पडते. निदान ३०० आणि शक्य असल्यास ४०० निट्सची, चकाकी नसलेली मॅट स्क्रीन पाहावी. स्क्रीनचे पॅनेल आयपीएस प्रकारचे आहे ना, हेही विचारावे, कारण टीएन पॅनेलवर जरा बाजूने पाहिले की रंग उतरतात आणि शेजारी बसलेल्याला काही धड दिसत नाही.

१५.६ इंची यंत्रांत बहुधा उजवीकडे आकड्यांचा वेगळा पॅड असतो. टॅलीवर दिवसभर नोंदी करणाऱ्याला, आंबा पेट्यांचा हिशेब ठेवणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. जो मुख्यतः मजकूर टाइप करतो, त्याला मात्र त्या पॅडमुळे कीबोर्ड डावीकडे सरकलेला मिळतो आणि तासन्‌तास किंचित वळून बसावे लागते. १४ इंची यंत्राच्या अक्षरांच्या कळा मात्र लहान नसतात. साधारण १३ इंचांपासून पुढे त्या पूर्ण मापाच्याच असतात. आकड्यांचा पॅड यूएसबीवर वेगळाही मिळतो, त्यामुळे केवळ त्यासाठी मोठे यंत्र घेण्याची गरज नाही.

घेऊन झाल्यावर अडचण आली तर

अक्षरे बारीक वाटत असतील किंवा जागा अपुरी वाटत असेल, तर आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले आणि त्यात स्केल उघडावे. शेजारचे रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ लिहिलेलेच ठेवावे. अक्षरे मोठी करण्यासाठी रिझोल्यूशन कमी करणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने सगळीच स्क्रीन धूसर होते आणि डोळे आणखी शिणतात. १२५ आणि १५० यांपैकी जे स्केल सोयीचे वाटेल ते किमान आठवडाभर वापरून पाहावे, कारण डोळ्यांना नव्या मापाची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. फक्त एखाद्या सॉफ्टवेअरमधली अक्षरे लहान वाटत असतील, तर कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवावे. ब्राउझर, वर्ड आणि एक्सेल यांत तेवढ्याने काम भागते. खालचा टास्कबार आपोआप लपेल असा ठेवला, तर लहान स्क्रीनवर आणखी एक-दोन ओळी मोकळ्या होतात.

एखादे जुने सॉफ्टवेअरच तेवढे अस्पष्ट दिसत असेल, तर दोष स्क्रीनचा नसतो. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात कंपॅटिबिलिटी आणि तिथे ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ उघडावे. खालच्या चौकटीत खूण करून ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडले की बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरे सुधारतात. बॅटरीवर चालताना स्क्रीन आपोआप अंधुक होत असेल, तर त्याच डिस्प्लेच्या पानावर ब्राइटनेसखाली मजकुरानुसार उजेड बदलण्याचा पर्याय असतो. तो बंद करावा.

मान दुखत असेल, तर ती तक्रार मोठ्या लॅपटॉपने जात नाही. लॅपटॉप स्टँडवर चढवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि कीबोर्ड-माउस वेगळे जोडावेत. दुहेरी काचेचा चष्मा असलेल्यांनी ती कड थोडी खाली ठेवावी, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते.

हे सगळे करूनही जागा कमी पडत असेल, तर लॅपटॉप बदलण्याआधी २४ इंची मॉनिटरचा विचार करावा. १९२० बाय १०८० चा असा मॉनिटर १०० टक्के स्केलवर वापरता येतो, म्हणजे अक्षरे लॅपटॉपपेक्षा मोठी आणि ओळी पूर्ण १०८०, असे दोन्ही एकदम साधते. लहान लॅपटॉप घेऊन घरी असा मॉनिटर ठेवणे ही माझ्या मते शिक्षक, विद्यार्थी आणि बाहेरगावी फिरून काम करणाऱ्यांसाठी सर्वात चांगली जोडी आहे. लाईट गेली की मॉनिटर बंद होतो, पण लॅपटॉपवरचे काम बॅटरीवर चालू राहते. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल तर साधी केबल पुरते. तो नसेल आणि फक्त यूएसबी-सी असेल, तर त्या पोर्टमधून चित्र बाहेर जाते का हे मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहावे. काही यूएसबी-सी पोर्ट केवळ चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात, आणि अशा पोर्टला कितीही महागडी केबल लावली तरी मॉनिटर कोराच राहतो.