जुन्या भिंतीत ड्रिलने भोक पाडताना

रविवारी सकाळी एका फळीसाठी दोन भोके पाडायला घ्यावीत आणि जेवायची वेळ झाली तरी भिंतीत पाच भोके, गिलाव्याला दोन खड्डे आणि फळी मात्र जमिनीवरच, असे घरोघरी घडते. दोष बहुधा ड्रिलचा नसतो. भिंत कशाची आहे हे न पाहता यंत्र चालू केलेले असते.

म्हणून आधी भिंत पारखावी. बोटाने ठोकून पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलेला आहे असे समजून खूण दुसरीकडे करावी. इंदूरमध्ये रामबागेसारख्या जुन्या वस्तीतली भिंत वीट-चुन्याची असेल, तर सांध्यातला चुना विटेपेक्षा मऊ असल्यामुळे बिट, म्हणजे ड्रिलला लावलेली भोक पाडणारी सळई, आपोआप तिकडे सरकते आणि भोक खुणेपासून अर्धा इंच दूर पडते. हे टाळायचे असेल तर खुणेवर खिळ्याने लहानसा खळगा करावा, हॅमरची, म्हणजे बिटाला ठोके देण्याची, कळ बंद ठेवून मंद गतीने सुरुवात करावी आणि बिटाने जागा धरल्यावरच हॅमर चालू करावा. बाहेर पडणारी भुकटी पाहत राहावे: लाल असेल तर वीट लागली आहे, पांढरट असेल तर चुना, आणि करडी भुकटी येऊन बिट पुढे सरकेनासे झाले तर काँक्रीट किंवा माळव्याचा काळा दगड. दगडात जोर लावून काही साधत नाही. थोडे थांबत, बिट निवू देत पुढे जावे.

बिटाची निवड हा सर्वांत जास्त फसवणारा भाग आहे. लोखंडासाठीचे बिट भिंतीत घातले की टोक काळे पडते, धूर येतो आणि भोक काही पडत नाही. भिंतीच्या बिटाच्या टोकाला टंग्स्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची रुंद पाती बसवलेली असते, ती पाहूनच घ्यावे. इंदूरच्या सियागंज बाजारात दुकानदाराला बिटाबरोबर त्याच मापाची गिट्टी, म्हणजे प्लॅस्टिकचा प्लग, मागावी. 6 मिमी गिट्टीला 6 मिमी बिट. बिट नवे असूनही काम होत नसेल तर ड्रिल उलट्या दिशेने फिरत नाही ना, हे आधी तपासावे. चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या ड्रिलच्या तोंडाची, चावी तिन्ही छिद्रांत फिरवून घट्ट करावी, कारण एकाच छिद्रात आवळलेले बिट ऐन कामात जागच्या जागी फिरू लागते. चावी काढून ठेवल्याशिवाय ड्रिल सुरू करू नये.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये, कारण तारा बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात आणि त्यांत 230 व्होल्ट असतात. त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करून ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून वायर ओढावी. गैरसोय होते, पण ती सोसावी.

गिट्टी 30 मिमी लांब असेल तर भोक 35 ते 40 मिमी खोल हवे. तेवढ्या अंतरावर बिटाला रंगीत टेप गुंडाळावी. डोळ्यांना चष्मा असावा. खुणेखाली कागदाचे पाकीट चिकटवले की भुकटी त्यातच पडते. आमच्याकडे हे एकदा राहून गेले, तेव्हा आई म्हणाली, “अरे, भिंतीपेक्षा माझं देवघरच जास्त पांढरं झालंय!” तेव्हापासून पाकीट आधी चिकटते. भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने उडवून मगच गिट्टी हलक्या हाताने ठोकावी.

गिट्टी आत नुसती फिरत राहिली तर काड्यापेटीच्या काड्या कोंबण्याची पद्धत आहे, पण वजन पेलायचे असेल तर तिच्यावर विसंबू नये. तेच भोक 8 मिमीच्या बिटाने मोठे करावे आणि 8 मिमीची गिट्टी, तिला साजेसा जाड स्क्रू घालून, नव्याने बसवावी.