जँगोचं पान रडतंय? आधी क्वेऱ्या मोजा

सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानासाठी जँगोत (पायथनची वेब फ्रेमवर्क) हिशोबाचं ॲप केलेलं, सौद्यांची यादी उघडायची म्हणजे चहा पिऊन यावं लागायचं. मालक म्हणाले सर्व्हर मोठा घ्या की, म्हटलं थांबा जरा. डीबग टूलबार (पानामागच्या क्वेऱ्या दाखवणारं साधन) लावला तर ५०० सौद्यांच्या पानाला ५०१ क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला ५०१ वेळा विचारणा! यादीची एक, आणि टेम्प्लेटच्या लूपमध्ये शेतकऱ्याचं नाव छापलंय ना, ते दर ओळीला डेटाबेसकडं पळतंय.

तर सौद्यात शेतकरी फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडं बोट दाखवणारा रकाना) असेल तर क्वेरीला सिलेक्ट रिलेटेड लावा, दोन्ही टेबलं जोडून (जॉइन) एकाच क्वेरीत सगळं येतं. एका सौद्याची पोती बरीच असतात, तिथं प्रीफेच रिलेटेड (सगळी पोती आधीच एकदम आणून ठेवणं), त्याची एक जादा क्वेरी पडते, चालतंय की. फक्त प्रीफेच करून परत लूपमध्ये पोत्यांवर फिल्टर मारू नका, ते दरवेळी नवीन क्वेरी काढतं आणि केलेलं सगळं पाण्यात, माझी अख्खी दुपार यातच गेली.

मग इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी डेटाबेसची शोधसूची. फॉरेन कीवर जँगो स्वतःच टाकतो, तारखेवर आपण टाकायचा. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) चालवा, मोठ्या टेबलातल्या चारच ओळी पाहिजेत आणि तरी सिक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल ओळीनं वाचणं) दिसतोय, तर बहुतेक इंडेक्स तिथंच कमी आहे. आणि ओळी किती एवढा नुसता आकडा पाहिजे असेल तर लेन नको, काउंट वापरा.