जुन्या आउटबोर्डचा कार्बोरेटर खोलताय? या चुका टाळा

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमा जवळ आली की होड्या पाण्यात उतरतात आणि मालवणच्या किनाऱ्यावर ठरलेली तक्रार ऐकू येते, "चालू होता, पण रेस केली काय बंद पडता." होडीच्या मागे लावायचं जुनं टू-स्ट्रोक मशीन, म्हणजे आउटबोर्ड, असेल तर बहुतेक वेळा दोष कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा. पावसाळाभर त्याच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो.

तरी लगेच पाना उचलू नका. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून इंजिनाला शिव्या घालणारे मी पाहिलेत, एकदा तो शहाणा मीच होतो. नळीवरचा बल्ब दाबून कडक होतो का बघा. होत नसेल तर नळी किंवा कनेक्टर कुठेतरी हवा ओढतोय. बल्ब कडक होतोय, चोक (हवा अडवणारी झडप) अर्धा ओढला की मशीन चालतं आणि सोडला की मरतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. आता खोला.

खाऱ्या हवेत स्टीलचे स्क्रू अॅल्युमिनियममध्ये पक्के धरलेले असतात, कडेला पांढरी भुकटी दिसते. घाव घालण्यापेक्षा आदल्या रात्री गंजावरचं तेल सोडून ठेवा.

स्लोचा (रेस न देता मशीन चालतं त्या वेगाचा) स्क्रू तसाच काढून टाकणं ही पुढची चूक. आधी तो हलक्या हाताने आत फिरवा, टेकेपर्यंत किती फेरे लागले ते मोजून लिहा, मग काढा. टेकल्यावर जोर लावलात तर स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला गोल चर पडते आणि मग स्लो काही केल्या जमत नाही.

पण सगळ्यात महागात पडतं ते जेटचं भोक तारेने कोरणं. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पुळी, पितळेची, मऊ. पोलादी तार दोनदा फिरवली की भोक मोठं झालंच: धूर, ओले प्लग, पेट्रोलचा घोट. भोक अर्धवट बुजलेलं राहिलं तर त्याहून वाईट, कारण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे पिस्टनला तेलही कमी. माझा पहिला पिस्टन असाच गेला. जेट वरवर धुतला, स्लोला मशीन गोड चाललं, खाडीच्या तोंडाशी फुल रेसवर आवाज बारीक होत गेला आणि बंद. दोरी ओढली तर जागची हलेना. तेव्हापासून जेट क्लीनरमध्ये भिजवतो, बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) घालून साफ करतो आणि उजेडासमोर धरतो. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे, कडेला केसभर सावलीही नको. आतल्या वाटा मोकळ्या झाल्या का ते हवा मारून बघा, फक्त डोळ्याला गॉगल लावा.

क्लीनरमध्ये बुडवण्याआधी रबर, प्लॅस्टिक आणि फ्लोट (वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा भाग) काढा. फार जुन्या मशीनमध्ये बुचाचा फ्लोट असतो. त्यावरचा लाखेचा लेप इथेनॉलवाल्या पेट्रोलात विरघळतो, मग फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो आणि कार्बोरेटर भरून वाहतो. जुन्या नळ्याही या पेट्रोलात फुगतात, त्या सोबतच बदला. गॅस्केटला सिलिकॉन फासू नका, त्याचे तुकडे सुटून थेट जेटमध्ये बसतात. फ्लोट बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरा. बहुतेक जुन्या मशीनमध्ये फ्लोट गॅस्केटच्या पृष्ठभागाला समांतर राहायला हवा.

चाचणीला मशीन कोरडं चालवू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा काही सेकंदांत जळतो. पिंपात पाणी भरा. तिथे जमवलेला स्लो मात्र कामाचा नाही. होडी जेटीला घट्ट बांधा, मशीन गरम होऊ द्या, गिअर टाका आणि मग जुळवा. तुमचा स्क्रू पेट्रोलचा आहे की हवेचा हे मॅन्युअलमध्ये बघा, फिरवायची दिशा उलट असते. कार्बोरेटर फट् करून शिंकला तर पेट्रोल कमी आहे. जमलेल्या जागेहून अष्टमांश फेरा जास्त पेट्रोलाकडे ठेवूनच मी झाकण लावतो. प्लग थोडे काळे होतात, ते घासून घेतो.