तंजावरच्या मंदिराची नाणी: घेताना, जपताना, विकताना या चुका टाळा

राजराज चोळानं बांधलेलं तंजावरचं बृहदीश्वर मंदिर १०१० साली पूर्ण झालं. २०१० मध्ये त्याला हजार वर्षं झाली, तेव्हा भारत सरकारनं दोन नाणी काढली. एक पाच रुपयांचं, जे व्यवहारात फिरलं. दुसरं हजार रुपयांचं, चांदीचं, फक्त संग्राहकांसाठी. स्वतंत्र भारतात हजार रुपयांचं नाणं निघायची ती पहिलीच वेळ.

मराठी संग्राहकांना या नाण्यांची ओढ जरा जास्तच असते आणि ती अगदी रास्त आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये याच मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. पण या ओढीपोटीच माणसं घाईनं पैसे मोजतात, आणि ज्या चुका होतात त्यांतल्या बऱ्याचशा नाणं नीट न वाचल्यामुळे होतात.

पाच आणि हजार यांची गल्लत

दोन्ही नाण्यांवर चित्र तेच आहे. विक्रीच्या जाहिरातीत फोटो एवढा जवळून काढलेला असतो की आकाराचा अंदाजच येत नाही. पाचाचं नाणं निकेल-पितळेचं, पिवळसर, २३ मिलिमीटर व्यासाचं आणि ६ ग्रॅम वजनाचं. हजाराचं पांढरं, ४४ मिलिमीटर, ३५ ग्रॅम. त्यात ८० टक्के चांदी आणि २० टक्के तांबं. विकणाऱ्याकडे नाणं तराजूवर ठेवलेला फोटो मागा. तो द्यायला खळखळ करत असेल तर सौदा तिथेच सोडा.

पाचाच्या नाण्यावर चांदीचा मुलामा देऊन ‘दुर्मीळ’ म्हणून विकण्याचे प्रकारही होतात. अशा नाण्याला पुढे विकताना काहीच जादा भाव मिळणार नाही, कारण मुलामा दिलेलं नाणं संग्राहक हातात धरत नाहीत.

आणखी एक घोळ नव्यानं सुरू झाला आहे. जुलै २०२५ मध्ये गंगैकोंडचोळपुरमला राजेंद्र चोळाच्या स्मरणार्थ वेगळं नाणं निघालं. राजेंद्र हा राजराजाचा मुलगा, आणि त्याच्या राजधानीतलं मंदिरही बृहदीश्वरच. ‘चोळ मंदिराचं नाणं’ एवढंच वर्णन असेल तर कोणतं ते विचारून घ्या. साल आणि नाण्यावरचा मजकूर बघितला की खुलासा होतो. वर्णनात ‘मंदिराचं भव्य गोपुर’ असं लिहिलेलं असलं तर समजा की लिहिणाऱ्यानं मंदिर बघितलेलं नाही. तंजावरला सगळ्यांत उंच आहे ते गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर. प्रवेशद्वारावरची गोपुरं त्यापुढे ठेंगणी आहेत, आणि तीच तर त्या वास्तूची ओळख आहे.

‘हजाराची नोट गेली, मग नाणंही बाद’

हा समज २०१६ नंतर पसरला. नोव्हेंबर २०१६ चा निर्णय पाचशे आणि हजाराच्या नोटांपुरता होता, नाण्यांशी त्याचा संबंध नव्हता. गोंधळात भर म्हणजे १९५४ साली निघालेल्या हजाराच्या नोटेवरही याच मंदिराचं चित्र होतं. ती नोट १९७८ मध्ये चलनातून गेली. त्यामुळे ‘तंजावरचे हजार’ म्हणून कुणी काही दाखवलं तर नोट की नाणं, हे आधी स्पष्ट करून घ्यावं.

२०११ च्या नाणे कायद्यानं नाण्याची कमाल दर्शनी किंमत हजार रुपये ठरवली आहे, म्हणून त्याहून मोठं नाणं निघत नाही. कुणी ‘दहा हजार रुपयांचं सरकारी नाणं’ देऊ केलं तर ते पदक किंवा टोकन असणार. देवळांच्या आणि शहरांच्या नावानं खाजगी टांकसाळी अशी पदकं सर्रास काढतात. ती सुंदर असू शकतात, घ्यायलाही हरकत नाही, पण नाणं म्हणून नव्हे. सरकारी नाण्यावर अशोकस्तंभ, ‘भारत’ हे नाव आणि दर्शनी किंमत असते. यातलं काही नसेल तर विषय संपला.

चुंबक लावला, चिकटलं नाही, म्हणून अस्सल

चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं. पण पितळ, तांबं, जस्त आणि शिसंही चिकटत नाहीत. चिकटलं तर ते नक्की खोटं, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

त्यापेक्षा पाण्यातल्या वजनाची परीक्षा कितीतरी भरवशाची. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला लागणार नाही असं लटकवा. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे नाण्यानं सारलेल्या पाण्याचं वजन. ३५ ग्रॅमचं ८० टक्के चांदीचं नाणं असेल तर हा आकडा ३.४५ च्या आसपास येतो. पितळेवर चांदीचा मुलामा असेल तर तो चारच्या पुढे जातो. निम्मी चांदी, ४० टक्के तांबं आणि बाकी निकेल-जस्त, हे मिश्रण अनेक स्मारक नाण्यांत वापरलं गेलं आहे. तशा ३५ ग्रॅमच्या नाण्याला ३.६७ च्या जवळपास आकडा येतो.

मात्र ही परीक्षा सुटं नाणं असेल तरच करायची. पाणी डिस्टिल्ड घ्या, नाणं बाहेर काढल्यावर पुसू नका, मऊ टिश्यूवर ठेवून वाळू द्या. टांकसाळीच्या पाकिटातलं प्रूफ नाणं (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं) कधीही पाण्यात घालू नका. आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब वाळला तरी डाग कायमचा राहतो.

टांकसाळीचं चिन्ह न बघणं

सालाखाली बघा. मुंबईच्या टांकसाळीचं चिन्ह चौकट (पत्त्यांतल्यासारखी), हैदराबादचं चांदणी, नोएडाचं टिंब. कोलकात्याच्या नाण्यावर चिन्ह नसतं. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर चौकटीऐवजी ‘एम’ हे अक्षर येतं. हजाराचं नाणं मुंबईला पाडलेलं आहे. त्यावर चांदणी किंवा टिंब दिसलं तर पैसे खिशातच राहू द्या. ‘प्रूफ’ म्हणून जादा दर लावला असेल आणि खाली चौकट असेल, तर ते साधं न वापरलेलं नाणं आहे. दोघांच्या भावात फरक असतो, तो मागायलाच हवा.

घासणं

सगळ्यांत जास्त नाणी इथे मरतात, आणि तीही घरातल्या मायेच्या हातांनी. दिवाळीत देवांची भांडी घासताना चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर तयार असते. काळवंडलेलं चांदीचं नाणंही त्यातच जातं. बाहेर येतं तेव्हा लखलखतं, पण भिंगाखाली धरलं की केसासारख्या हजारो रेघा दिसतात. विमानाचे एकावर एक चढत गेलेले थर याच नाण्यावर बघण्यासारखे आहेत, आणि घासल्यावर नेमक्या त्यांच्याच कडा बोथट होतात. ते नुकसान भरून येत नाही.

चांदीवरचा काळेपणा हवेतल्या गंधकामुळे येतो. निळसर-सोनेरी छटेचा एकसारखा थर असेल तर पुष्कळ संग्राहक तो मुद्दाम राखतात. थर वाढू नये म्हणून रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकर नाण्यापासून लांब ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदलत राहा.

पाचाच्या नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल तर दोष बहुधा मऊ प्लास्टिकच्या अल्बमचा. त्या पीव्हीसीतून आम्ल सुटतं. नाणं शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून, न घासता काढा आणि हवेवर वाळवा. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात सुगंध आणि तेलं असतात. खिडकी उघडी हवी, जवळ गॅस पेटलेला नको. मग नाणं कडक कॅप्सूलमध्ये किंवा मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात ठेवा. आधीच्या अल्बममधली बाकीची नाणीही त्याच दिवशी बाहेर काढा.

वितळवणं आणि लॉकेट करणं

हजाराच्या नाण्यात २८ ग्रॅम चांदी आहे. तिची किंमत आज दर्शनी किमतीहून बरीच जास्त असल्यामुळे कुणीतरी मोडायचा सल्ला देतोच. नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा नाणे कायद्याखाली गुन्हा आहे. डाग देऊन कडी लावणं, भोक पाडणं यातही नाण्याची वाटच लागते.

‘या नाण्याचे लाखो मिळतील’

तंजावरचं पाच रुपयांचं, वैष्णोदेवीचं २०१२ चं पाच आणि दहा रुपयांचं, यांचे फोटो दाखवून लाखोंचं आमिष दाखवणारे व्हिडिओ फिरतात. ही नाणी चलनात फिरण्यासाठी पाडलेली होती. खिशातून खिशात झिजलेल्या नाण्याला सहसा दर्शनी किंमतच मिळते. अगदी कोऱ्या, न फिरलेल्या नाण्याला थोडे जास्त मिळतात, पण लाख कधीच नाही.

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. समोरचा भाव लगेच मान्य करतो, मग ‘नोंदणी’, ‘जीएसटी’, ‘रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र’ अशा नावांखाली तुमच्याकडूनच पैसे मागतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण पडत नाही आणि असं शुल्क किंवा कमिशनही घेत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे, असा खरा व्यवहार नसतो. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका: ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, आणि संभाषण व पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट पुसू नका.